वहाबभाईंच्या डब्यातले अकरा पेन

वहाबभाई बोलायला लागले की नवा माणूस आधी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचा. त्यांची जीभ निळी होती. चाळीस वर्षं त्यांनी पेनांच्या निबा जिभेला लावून पाहिल्या. निब कुठं खरखरते ते बोटाला कळत नाही, जिभेला कळतं, असं त्यांचं म्हणणं. एकदा ताप आला म्हणून दवाखान्यात गेले, तर डॉक्टर जीभ पाहून घाबरला आणि भराभर चिठ्ठी लिहायला लागला. वहाबभाई त्याच्या हाताकडे बघत म्हणाले, "साहेब, मी दोन दिवसांत बरा होईन. तुमची निब बिमार हाय, ते पाहू द्या आधी." तापलेल्या अंगानं तिथंच बाकावर बसून त्यांनी डॉक्टरचा पेन नीट करून दिला.

खामगावात कापूस बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं सायकलचं दुकान, आणि त्याला लागून त्यांचं. दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. आत एक माणूस बसला की दुसऱ्यानं उभंच राहायचं. मी चौथीत शाळा सोडली, त्यामुळं पेनाशी माझा संबंध सहीपुरता. पण तीस वर्षं शेजार केला, आणि जे सांगतो ते माझ्या डोळ्यानं पाहिलेलं आहे. म्हणून मीच लिहितो. कोणाकडून लिहून घ्यायची मला गरज नाही.

वहाबभाईंचा एक उस्ताद होता. खामगावातच चरकावर, म्हणजे लेथवर, काळ्या-तपकिरी रबराचे पेन कातायचा. तो मी पाहिला नाही, माझ्या आधी वारला. त्यानं यांना एक नेम घालून दिला होता : दुरुस्तीला आलेला पेन लिहून पाहिल्याशिवाय हातातून सोडायचा नाही. वहाबभाईंनी त्यात आपली भर घातली. नुसत्या रेघा ओढायच्या नाहीत, ज्याचा पेन त्याचं नाव लिहायचं. गिऱ्हाईक समोर उभं असलं की त्याला विचारून, अक्षर लावून, पुरं नाव लिहीत. उर्दू आणि मराठी दोन्ही त्यांना येत. मग तो कागद पेनाला गुंडाळून देत. बाजारातले हमाल, मापारी कधी कधी पेन नसतानाच यायचे, "चाचा, माह्यं नाव लिहून द्या ना," म्हणायचे. स्वतःचं नाव एवढं सुंदर त्यांनी कुठं पाहिलेलंच नसायचं.

घाई केलेली त्यांना चालत नसे. कोणी म्हणालं, "लवकर द्या चाचा, गाडी हाय," तर पेन तसाच परत करत. "जा बाप्पा, आधी गाडी पकड. पेन पळून नाही जात." गिऱ्हाईक चिडायचं. मी पलीकडून पंक्चर काढता काढता सांगायचो, "वहाबभाई, असं धंदा नाही होत." ते म्हणायचे, "तुमचा चाकाचा धंदा हाय वामनराव, तुमाले घाई शोभते."

पेन पाहून माणूस सांगायचे, हेही खरं आहे. बाजारातले एक सेठ होते, कापसाचे मोठे व्यापारी. त्यांनी एकदा आपला भारी पेन आणला आणि आपटलाच पाटावर. म्हणे, तीन वेळा नीट करून नेला तरी माझ्या हातात चालत नाही, फसवता काय? वहाबभाईंनी डोळ्याला भिंग लावून निब पाहिली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "सेठजी, हा पेन तुमी एकटे नाही वापरत. घरात अजून कोणी तरी वापरते. डाव्या हाताचं माणूस हाय. आन् नवंनवं लिहाले शिकते, लय दाबते."

सेठ म्हणाले, "माझ्या पेनाला हात लावायची घरात कोणाची टाप नाही."

"मंग तुमचाच डावा हात रातच्याले उठून लिहीत असन," मी इकडून म्हणालो. सेठनी माझ्याकडे असं पाहिलं की बस.

आठ दिवसांनी तेच सेठ आले. आवाज खाली. त्यांची आई, सत्तरीची बाई, नातीच्या पाटीवर बघून अक्षरं शिकत होती आणि दुपारी मुलगा झोपला की त्याच्या पेनानं जुन्या कागदावर गिरवत होती. सेठ म्हणाले, "तो पेन आता आईचा झाला. मला दुसरा पाहून द्या." वहाबभाईंनी त्या पेनाची निब डाव्या हाताला बसेल अशी घासून दिली, आणि कागदावर सेठच्या आईचं नाव लिहिलं.

आता त्या डब्याची गोष्ट. त्यांच्या गादीमागं बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा असायचा. दुरुस्तीला आलेले, नीट झालेले, पण मालक न्यायला न आलेले पेन त्यात राहत. प्रत्येकाला नावगावाची चिठ्ठी बांधलेली. पूर्वी त्यात एखाद-दुसराच पेन असायचा. बी.टी. कापसाच्या बियाण्याची पाकिटं आली तेव्हापासून डबा भरायला लागला. पहिल्या वर्षी लोकांनी हौसेनं लावली. मग कुठं नकली बियाणं निघालं, कुठं पराटी, म्हणजे कापसाचं झाड, माणसाएवढी वाढली आणि बोंडच धरलं नाही, कुठं पानं लाल करणारा लाल्या रोग आला. गावाकडचा माणूस पेन टाकून जाताना म्हणायचा, "कापूस घेऊन आलो का नेतो." आणि कापूस घेऊन यायचंच राहायचं. कापसाशिवाय खामगावला यायचं त्याला काही कारण नसे.

लोक सांगायचे, विकून टाका ते पेन. वहाबभाई एकच शब्द बोलायचे, "अमानत हाय." दर शुक्रवारी नमाजहून आले की ते डबा उघडत. एकेक पेन काढून धुवायचा, ड्रॉपरनं दोन थेंब शाई भरायची, वहीत त्या त्या मालकाचं नाव एकदा लिहायचं, परत धुऊन पुसून ठेवायचा. न लिहिता पेन राहिला की त्याच्या निबेखालची, शाई वाहणारी जीभ वाळते आणि मग मालक आला तरी पेन त्याला ओळख देत नाही, असं ते सांगत. अकरा पेन झाले होते. वही तुम्ही उघडली असती तर तुम्हाला वाटलं असतं शाळेचा हजेरीपट आहे.

त्या अकरांत एक पेन सोनाळ्याच्या देवमनरावांचा. अंगठ्याएवढा जाड, तपकिरी, त्यावर काळ्या लहरी. वहाबभाईंच्या उस्तादानंच कातलेला होता, टोपणाच्या आत त्याची दोन बारीक अक्षरं होती. देवमनरावांच्या वडिलांनी कधीकाळी खामगावात घेतला असेल. देवमनरावांचं अक्षर फार चांगलं. बियाणं फसलं त्या वर्षी गावातल्या निम्म्या घरांचे तक्रारअर्ज त्यांनी या पेनानं लिहिले, तीन-तीन प्रती. शेतकी ऑफिसात अर्ज मिळाल्याची सही करायला साहेबानं त्यांचाच पेन घेतला आणि असा दाबला की निब दोन्हीकडं फाकली. देवमनराव पेन घेऊन आले तेव्हा वहाबभाईंनी निब पाहून विचारलं, "हे कोण्या दुश्मनानं केलं?"

देवमनराव म्हणाले, "सरकारनं."

आम्ही तिघंही हसलो. "कापूस घेऊन आलो का नेतो," म्हणून ते गेले, त्याला दोन वर्षं झाली. सोनाळ्याचा कोणी बाजारात दिसला की वहाबभाई विचारायचे. कोणी म्हणालं, सूरतला गेले. कोणी म्हणालं, माहीत नाही.

अशात कॉलेजातले एक प्राध्यापक, वहाबभाईंचं गिऱ्हाईक, सांगत आले की पुण्यात शाईच्या पेनांचं प्रदर्शन भरतं. देशभरातून पेन जमवणारे लोक येतात. तुम्हीही तुमचे पेन मांडा, मी टेबल मिळवून देतो. वहाबभाई अकोल्याच्या पुढं कधी गेले नव्हते. पण त्यांच्या डोक्यात वेगळंच आलं. मला म्हणाले, "वामनराव, इतके पेनवाले एका जागी येतात. कोणी तरी वळखीनच ना यातला एखादा पेन. मालकाचा पत्ता लागन."

मी म्हणालो, "सोनाळ्याचा माणूस पुण्यात कोण वळखते?"

"सोनाळ्याचा नाही तं मलकापूरचा, नांदुऱ्याचा. कोणी तं वळखीन."

एकट्याला कसं सोडायचं, म्हणून मी दुकान बंद ठेवून सोबत गेलो. जलंबला गाडी बदलली. सगळ्या प्रवासात डबा त्यांच्या मांडीवर. मी म्हणालो, ठेवा सीटखाली, पाय मोकळे करा. "लोकायच्या वस्तू पायाखाली काऊन ठेवू?" म्हणाले, आणि तसेच बसून झोपले.

पुण्याचा तो हॉल मोठा होता. टेबलांवर मखमल, तिच्यावर पेन, पेनांवर दिवे. माणसं भिंगं घेऊन हिंडत होती, पण कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. वहाबभाईंनी आपला पांढरा पंचा अंथरला आणि अकरा पेन चिठ्ठ्यांसकट मांडले. लोक यायचे, विचारायचे, "हा कितीला?"

"विकाले नाही."

"मग मांडलेत कशाला?"

"पाहाले. चिठ्ठीवरच्या मालकाले वळखत असान तं सांगा. न्याले आले नाही बिचारे."

दोन पोरी तोंडाला रुमाल लावून हसल्या. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "अरे, हा हरवलं-सापडलं विभाग आहे." मला राग आला. मी उठणार होतो. वहाबभाई माझा सदरा धरून म्हणाले, "हसू द्या. हसता हसता चिठ्ठी तं वाचतात."

शेजारच्या टेबलावर दीक्षित म्हणून एक साहेब होते. गोरे, बारीक, स्वभावानं चांगले. आम्हाला त्यांनी स्वतःच्या डब्यातली पोळीभाजी दिली. त्यांच्याकडं काचेच्या पेटीत एक काळा पेन होता, सोनेरी पट्ट्यांचा. पन्नास वर्षं जुना. देवमनरावांचा पेन त्यांनी सकाळपासून चार वेळा हातात घेऊन पाहिला होता आणि चारही वेळा न बोलता ठेवला होता. दुपारी त्यांना कळलं की वहाबभाई दुरुस्तीवाले आहेत. तेव्हा त्यांनी तो काचेतला पेन काढला. "याचं टोपण घट्ट बसलंय, वर्षानुवर्षं उघडलेलं नाही. ओढायला भीती वाटते. तुमचा हात हलका दिसतो, बघता का? मी तेवढ्यात एकांना भेटून येतो."

वहाबभाईंनी पेन दोन्ही तळव्यांत धरला. टोपण कोमट होईपर्यंत तसाच धरून ठेवला, मग हलकेच फिरवलं. निघालं. आत निब नव्यासारखी चमकत होती. त्यांनी ती जिभेला लावली आणि त्यांच्या तोंडावर असं काही आलं, जसं वाळलेल्या जनावराला पाहून येतं. "वामनराव, हा तं कधी लिहिलाच नाही हो. पन्नास साल उपाशी."

मग त्यांनी चाळीस वर्षं जे केलं तेच केलं. ड्रॉपर काढला, शाई भरली, आणि टेबलावरच्या पाटीवर पाहून त्या साहेबांचं पुरं नाव पाठकोऱ्या कागदावर लिहिलं. काय लिहिलं होतं म्हणून सांगू! पेनही असा चालला, जसा वाटच बघत होता. कागद गुंडाळून त्यांनी पेन साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि बक्षीस मिळणाऱ्या पोरासारखे हात गुडघ्यावर घेऊन बसले.

साहेब आले. कागद पाहिला. पांढरेफटक पडले.

"तुम्ही यात शाई भरली?"

"हाव ना. मस्त चालते. पाहा, तुमचं नाव."

"अहो, याला आजवर शाई लागली नव्हती! म्हणून तर तो वेगळा होता! वीस वर्षं शोधला मी असा. एकदा लागली की संपलं, आता तो इतरांसारखा एक झाला."

वहाबभाईंना आधी गंमत वाटली. मग साहेबांच्या डोळ्यात पाणी पाहिलं आणि ते उभे राहिले. भोवती लोक जमले. कोणी म्हणालं, धुऊन टाका. कोणी म्हणालं, धुऊन काय होतं, कळतंच. वहाबभाई म्हणाले, "साहेब, पेन न लिहिता ठेवतात हे मले माहीत नव्हतं. पण तुमचं नुकसान झालं. चूक माही हाय. बोला, काय करू?"

साहेबांनी डोळे पुसले. मग देवमनरावांच्या पेनाकडे बोट केलं. "हा द्या. मिटलं आपलं."

"तो माहा नाही."

"दोन वर्षं मालक आला नाही म्हणता."

"आला नाही. पण त्यानं सोडला असं मी म्हटलं काय?"

मी वहाबभाईंना बाजूला घेतलं. मी काय बोललो ते लपवत नाही. मी म्हणालो, "देऊन टाका. इथं कोण पाहून राह्यलं? देवमनराव आले तं सांगू, हरवला. कापसाचं हे असं झालं, तो माणूस पेनासाठी येते काय आता?"

वहाबभाई मला एवढंच म्हणाले, "तुमच्या दुकानात एकानं सायकल ठेवली होती वामनराव. लाल."

ती सायकल मी वर्षभर वाट पाहून विकली होती आणि नंतर तो माणूस आला होता. तेव्हा वहाबभाई शेजारी बसून निब घासत होते, एक शब्द बोलले नव्हते. कोणापुढं खाली मान घालणं माझ्या स्वभावात नाही, पण त्या दिवशी घातली.

वहाबभाईंनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून आपला स्वतःचा पेन काढला. तसाच तपकिरी, काळ्या लहरींचा, जरा बारीक. टोपण उलटं करून साहेबांना ती दोन अक्षरं दाखवली. "हा माह्या उस्तादनं मले देल्ला. याले दोघाचेच हात लागले, त्याचा आन् माहा. हा माहा हाय, हा मी देऊ शकतो."

साहेबांनी भिंगातून पाहिला. "नको," असं एकदा म्हणाले, पण पेन काही खाली ठेवला नाही. वहाबभाईंनीच तो परत मागून घेतला, शाई काढली, पाण्यानं तीनदा धुतला, पंच्याच्या टोकानं आतून पुसला. पण या वेळी कोणाचं नाव लिहिलं नाही. मला म्हणाले, "त्यायले कोरा आवडते." आणि दोन्ही हातांनी दिला. साहेबांनी आपलं कार्ड दिलं, म्हणाले, त्या दुसऱ्या पेनाचा मालक सापडला आणि त्याला विकायचा असला तर मला कळवा. वहाबभाईंनी कार्ड जपून डब्यात ठेवलं.

गावी परत आल्यावर त्यांना चैन पडेना. पूर्वी डबा गादीमागं असायचा, आता घरी नेऊ लागले. आठव्या दिवशी सकाळीच माझ्या दुकानापुढं उभे, हातात देवमनरावांचा पेन. "या पेनावर लोकायची नजर हाय. माह्या जिवाचं काय सांगता येते? चला, सोनाळ्याले."

शेगावहून वरवट बकाल, तिथून सोनाळा. देवमनराव सूरतला गेलेलेच नव्हते, त्यांचा मुलगा गेला होता. ते ओट्यावर बसून तुरी निवडत होते. वहाबभाईंना पाहून उठले, पेन पाहून परत बसले.

"काऊन आणला तुमी हा? मी मुद्दाम आलो नव्हतो."

"काऊन?"

"याच्यानं साऱ्या गावाचे अर्ज लिहिले. मोत्यासारखं अक्षर, म्हणे. एकाले तरी काही भेटलं काय? आता पोरं मले पाहून म्हणतात, आले अर्जमास्तर. मी पेन धराचं सोडून देल्लं वहाबभाई. न्या वापस."

वहाबभाई ओट्याच्या कडेला टेकले. "अर्जाचं मले समजत नाही. मी पेनवाला. पण एक सांगतो, याच्यासाठी पुण्यात एक साहेब अडून बसले होते. हे त्यायचं कार्ड. विकाचा असन तं तुमी विका, तुमचा हक हाय. फेकाचा असन तं फेका. मले फक्त लिहून दाखवा. दोन साल सांभाळला, बरोबर झाला का नाही एवढं तं समजू द्या मले."

पुण्यात त्यांनी काय देऊन तो पेन वाचवला, ते सांगितलं नाही. मी तोंड उघडलं तर माझ्या पायावर पाय दिला.

देवमनरावांनी टोपण काढलं. जवळ कागद नव्हता, म्हणून तेच कार्ड उलटं केलं आणि पाठीमागं काहीतरी लिहिलं. मग त्याच्याखाली आणखी एक ओळ. मग आणखी. कार्ड भरलं तरी हात थांबेना, कडेकडेनं लिहायला लागले. काय लिहीत होते ते मी पाहिलं नाही, मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो.

तेवढ्यात शेजारच्या भिंतीवरून एका बाईनं डोकं वर काढलं. "भाऊजी, लिहून राह्यले काय? मंग आमच्या बुढीचा निराधारचा पगार बंद झाला, तेवढं..." आणि मधेच थांबली. बहुतेक तिलाही मागचे अर्ज आठवले असावेत.

देवमनरावांनी तुरीचं सूप बाजूला सारलं. आत चुलीवर चहा उकळत होता, त्याचा वास येत होता.

"कागद आन," ते म्हणाले. "कोरा आन. मागून लिहिलेला नको."

वहाबभाई लगेच उठले. मी म्हणालो, चहा होऊन राह्यला ना. "त्यायले काम हाय आता," म्हणाले आणि रस्त्याला लागले. इतके भराभर चालले की माझं वय त्यांच्याहून कमी असून मी मागं पडलो.

वहाबभाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण मला ते आठवतात ते परतीच्या एस.टी.तले. खिडकीशी बसले होते, बाहेर पराट्या उभ्या. कंडक्टरचा पेन चालेना. तो झटकत झटकत आमच्यापाशी आला आणि वहाबभाईंच्या सदऱ्यावरचा शाईचा डाग पाहून म्हणाला, "चाचा, पेन द्या जरा, तुमच्यापाशी तं असनच."

वहाबभाईंचा हात सवयीनं आतल्या खिशाकडं गेला. तिथंच जरा वेळ राहिला. मग ते हसले. निळी जीभ दिसली.

"नाही बाप्पा, आज खिसा खाली हाय."

कंडक्टर मागच्या सीटकडं गेला. वहाबभाईंनी हात खिशावरून काढला नाही, तसाच ठेवून शेगाव येईपर्यंत बाहेर बघत बसले.